पडदा काळा, यंत्र जागं



पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री वीज जाते. आपण चाचपडत कपाटापर्यंत जातो, वरच्या फळीवरचा टॉर्च काढतो, बटण दाबतो आणि उजेड पडत नाही. आतले सेल केव्हाच गळलेले असतात. ठेवला त्या दिवशी टॉर्च ठणठणीत होता. मधल्या काळात त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही, एवढंच.

संगणक वापरणाऱ्यांच्या घरातही असा एक टॉर्च असतो. त्याला रेस्क्यू पेनड्राइव्ह म्हणतात. आपण त्याला बचाव पेनड्राइव्ह म्हणू. संगणक सुरूच होईनासा झाला की त्याला लावायची आणि आतला मजकूर सुखरूप बाहेर काढायचा, यासाठी ही बोटभर लांबीची वस्तू. ती ऐनवेळी का दगा देते आणि दिल्यासारखी वाटली तर काय करायचं, हा आजचा विषय. मी कला शाखेचा पदवीधर, कविता लिहिणारा माणूस. संगणकशास्त्र शिकवण्याचा अधिकार मला नाही. पण बरीच वर्षं लिखाण लिनक्सवर करत आलो आहे, आणि या विषयानं एकदा आमच्या घरातल्या माणसांचे आवाजच पणाला लावले होते. म्हणून बोलतो आहे.

आधी लिनक्सविषयी दोन शब्द. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा लिहायला घेतला आणि तो सर्वांसाठी खुला केला. या गाभ्याला कर्नल म्हणतात. सैन्यातला कर्नल नव्हे. फळाच्या आठळीतला गर, त्या अर्थाचा इंग्रजी शब्द. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातली साधनं त्याला येऊन मिळाली. जगभरच्या माणसांनी भर घातली. आज तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही हाच गर आहे.

लिनक्सची एक मोठी सोय अशी, की ती हार्ड डिस्कवर न बसवताही चालवता येते. २००० साली जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी 'क्नॉपिक्स' नावाची सीडी तयार केली. सीडी घालायची, संगणक सुरू करायचा, आणि हार्ड डिस्कला हातही न लावता समोर सगळं चालू. पुढं सीडी मागं पडली, पेनड्राइव्ह आली. आज 'सिस्टिमरेस्क्यू' नावाचा असा संच फुकट मिळतो. त्यात बिघडलेल्या डिस्कवरून जमेल तितकं वाचून घेणारी, पुसलेल्या फाइली शोधणारी साधनं असतात. उबुंटूसारख्या नेहमीच्या लिनक्सची पेनड्राइव्हही बचावाच्या कामाला येते.

हे चालतं कसं, तेही पाहू, कारण पुढची सगळी गोष्ट यावरच उभी आहे. संगणकाचं बटण दाबलं की प्रथम मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो पेनड्राइव्ह शोधतो. पेनड्राइव्हवरची यादी, म्हणजे मेनू, पडद्यावर येते. आपण एंटर दाबतो. मग पेनड्राइव्हवरचा गाभा संगणकाच्या रॅममध्ये चढतो आणि एकेका भागाची ओळख करून घेतो: हा कीबोर्ड, हा माउस, ही हार्ड डिस्क, हे ग्राफिक्स कार्ड. या साऱ्या काळात हार्ड डिस्कवरची प्रणाली झोपलेली असते. आपण सांगितल्याशिवाय तिच्यातलं अक्षरही हलत नाही.

आता आमच्या घरची गोष्ट.

माझा भाचा तालुक्याच्या गावी लग्नसमारंभांच्या व्हिडिओंचं काम करतो. त्याच्याकडं असेंबल केलेला संगणक आहे आणि तो लिनक्सवर चालतो. २०२३ च्या पावसाळ्यात त्याच्या त्या संगणकावर माझंही एक काम चाललं होतं. माझी फूफी आणि तिच्या गल्लीतल्या बायका जात्यावर ज्या ओव्या म्हणत, त्या मी १९९० नंतरच्या काही वर्षांत कॅसेटवर घेतल्या होत्या. मुसलमान घरांतल्या बायका, पण ओव्या अस्सल मराठी. माहेरच्या वाटेवरच्या दर्ग्याचं नाव घेऊन भावाला बोलावणाऱ्या, सासरच्या उंबऱ्याशी भांडणाऱ्या. या बायकांपैकी आज कुणीही नाही. भाचा एकेक कॅसेट संगणकात उतरवत होता, खरखर कमी करत होता. बहुतेक कॅसेटींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर झाली होती. शेवटच्या सात कॅसेटी त्याच आठवड्यात उतरल्या होत्या, आणि त्यांतल्या तीन वाजवता वाजवताच तुटल्या होत्या. त्या पुन्हा वाजणार नव्हत्या. त्यांचा आवाज आता होता तो फक्त त्या संगणकात.

मध्येच लग्नाच्या कामासाठी भाच्यानं नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं. हल्लीचे मोठे व्हिडिओ जुन्या कार्डाला झेपत नव्हते. जुनं काढलं, नवं बसवलं, बटण दाबलं. मदरबोर्डचं चिन्ह आलं आणि पडदा काळा झाला. त्यानं आपली बचाव पेनड्राइव्ह काढली. ती २०१९ साली बनवलेली, त्यानंतर गरज न पडलेली. तिचा मेनू आला. एंटर दाबलं. चार-पाच ओळी भराभर सरकल्या आणि पुन्हा काळा पडदा.

शेजारच्या दुरुस्तीवाल्यानं एका वाक्यात निकाल दिला: "हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा." भाच्याचा मला फोन आला. "मामू, पेनड्राइव्हनंसुद्धा काही दिसत नाही. ओव्या गेल्या बहुतेक."

मी त्याला म्हटलं, "बेटा, कुणालाही फॉरमॅट मारू देऊ नकोस. मी येतो."

श्रोतेहो, इथं क्षणभर थांबून विचार करू. संगणक काळा, पेनड्राइव्हही काळी. दोन साक्षीदार एकच सांगतात, म्हणजे डिस्क गेली, असं कुणालाही वाटेल. पण पेनड्राइव्ह मुळी हार्ड डिस्कवरून चालतच नाही! ती स्वतःवरून चालते. मग तिच्याही बाबतीत अंधार झाला, तर ती साक्ष हार्ड डिस्कच्या विरुद्ध नाही. तिच्या बाजूची आहे. दोन्हीकडं सारखाच बिघाड दिसतो, तेव्हा दोन्हींत जे समान आहे तिकडं बोट दाखवायचं असतं. इथं समान काय? मॉनिटर, केबल आणि नवं कार्ड. त्यातही मेनू दिसत होता. म्हणजे मॉनिटर धडधाकट, केबल धडधाकट, कार्डही चित्र काढतं आहे. उरली एकच जागा: मेनू संपल्यावर गाभा आणि कार्ड यांच्यात जो संवाद सुरू होतो, ती.

आणखी एक साधी परीक्षा आहे. पडदा काळा असताना कीबोर्डवरची नम-लॉक ही कळ दाबून पाहावी. दिवा लागतो-विझतो का? बहुतेक वेळा, दिवा ऐकत असेल तर यंत्र जागं आहे. कविसंमेलनात मध्येच माइक बंद पडतो. मागच्या रांगेतल्यांना वाटतं, कवी थांबला. कवी वाचतच असतो. त्याचा आवाज तिथपर्यंत पोचत नसतो. भाच्याच्या संगणकावर दिवा लागत होता, विझत होता.

मग हा संवाद तुटतो कशानं? मेनू दाखवताना मदरबोर्ड आणि कार्ड अगदी साधी, सर्वांना समजणारी चित्रभाषा वापरतात. गाभा सुरू झाला की तो पडद्याचा ताबा स्वतःकडं घेतो, आणि त्या विशिष्ट कार्डाशी त्याच्या खास भाषेत बोलू पाहतो. हे काम साधारण २००९ पासून लिनक्सचा गाभाच करतो. त्यासाठी त्याच्याकडं त्या कार्डाचा ड्रायव्हर लागतो, शिवाय कार्डात भरायचा फर्मवेअर नावाचा मजकूर लागतो. आता २०१९ च्या पेनड्राइव्हमध्ये २०१९ पर्यंतचीच ओळखपाळख असणार. त्यानंतर बाजारात आलेलं कार्ड तिला कसं ठाऊक असेल? कधी ड्रायव्हर 'मला हे ओळखत नाही' म्हणून बाजूला होतो आणि साधं चित्र टिकतं. पण कधी त्याला कार्ड ओळखीचं वाटतं, तो पडद्याचा ताबा घेतो, आणि पुढं लागणारं फर्मवेअर त्याच्यापाशी नसतं. साधी भाषा सोडलेली, खास भाषा येत नाही. मग काळोख.

ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत हे जास्त घडतं, याला इतिहास आहे. एनव्हिडिया कंपनीच्या कार्डांची अंतर्गत माहिती पुष्कळ वर्षं खुली नव्हती. तेव्हा काही स्वयंसेवकांनी कार्डांच्या वागण्याचा बाहेरून अभ्यास करून एक खुला ड्रायव्हर लिहिला. त्याचं नाव 'नूव्हो'; फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'नवा'. २०१० मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात आला. मे २०२२ मध्ये कंपनीनंही आपल्या नव्या कार्डांसाठी ड्रायव्हरचा गाभ्यातला भाग खुला केला. इंटेल आणि एएमडी यांच्या कार्डांचे खुले ड्रायव्हर गाभ्यातच असतात. तरीसुद्धा नियम सर्वांना एकच: कार्ड आधीचं आणि गाभा नंतरचा असेल तर सहसा जमतं, गाभा आधीचा आणि कार्ड नंतरचं असेल तर भरवसा नाही. लिनक्सच्या गाभ्याची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. चार वर्षांची पेनड्राइव्ह म्हणजे वीसेक आवृत्त्या मागं राहिलेली पेनड्राइव्ह.

उपाय मात्र एका शब्दाचा आहे. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. शब्द आहे 'नोमोडसेट'. इंग्रजी अक्षरं सांगतो: एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी. सलग, लहान लिपीत, मध्ये जागा नाही. अर्थ असा, की गाभ्या, तू खास भाषेचा हट्ट धरू नकोस. मेनू ज्या साध्या चित्रात दिसला त्यातच पुढं चल.

तो द्यायचा कसा? पेनड्राइव्हचा मेनू आला की एंटर दाबू नये. हवी ती ओळ निवडून 'ई' ही कळ दाबावी. काही ओळी लिहिलेल्या दिसतील. त्यांत 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणारी एक लांबलचक ओळ असते. तिच्या शेवटी जायचं, एक जागा सोडायची आणि हा शब्द लिहायचा. मग एफ-टेन किंवा कंट्रोल आणि एक्स एकत्र दाबायचं. हा बदल फक्त तेवढ्या वेळेपुरता असतो. यंत्र बंद केलं की पुसला जातो, त्यामुळं काही बिघडेल ही भीती नको. जुन्या पद्धतीनं सुरू होणाऱ्या काही पेनड्राइव्हमध्ये 'ई'ऐवजी टॅब ही कळ असते. उबुंटूच्या अलीकडच्या पेनड्राइव्हवर तर 'सेफ ग्राफिक्स' असा वेगळा पर्यायच दिलेला असतो; तो निवडला तरी हेच होतं.

भाच्याकडं जाऊन आम्ही हेच केलं. पडदा उजळला. अक्षरं मोठी, चित्रं जाडीभरडी, माउस जरा रेंगाळत चाललेला. पण सगळं समोर होतं. हार्ड डिस्क आम्ही केवळ वाचण्यासाठी उघडली. लिहिण्याची परवानगी दिली नाही. बचावाच्या कामात हा नियम पाळावा, म्हणजे घाईत हात चुकला तरी नुकसान होत नाही. ओव्यांचं फोल्डर जागच्या जागी होतं. सातही कॅसेटी बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, नंतर एक उघडून ऐकली. जात्याची घरघर, फूफीचा खालच्या पट्टीतला आवाज, मध्येच आरवणारा कोंबडा. भाचा काही बोलला नाही. त्यानं दुसरी डिस्क आणली आणि आणखी एक प्रत करायला लावली.

फाइली हाती आल्यावरच मग मूळ संगणकाकडं वळलो. हा क्रम फार महत्त्वाचा. आधी मजकूर, मग यंत्र. संगणकाच्या स्वतःच्या लिनक्सवर जुन्या कार्डाचा ड्रायव्हर बसवलेला होता. नव्या कार्डाला तो चालत नव्हता. तिथंही तोच एक शब्द देऊन तो सुरू केला, जुना ड्रायव्हर काढला, प्रणाली अद्ययावत केली, नव्या कार्डाला चालणारा ड्रायव्हर घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी भाचा नव्या कार्डावर कुणाच्या तरी वरातीचा व्हिडिओ जुळवत बसला होता.

विचार करा, त्या संध्याकाळी फॉरमॅट मारला असता तर? डिस्क धडधाकट होती. तिच्यावर नवी प्रणाली बसली असती, आणि धडधाकट डिस्कवरच्या ओव्यांवर दुसराच मजकूर चढला असता. फॉरमॅटनंतरही कधी कधी फाइली परत मिळतात. पण त्या जागेवर नवं लिहिलं गेलं की मिळत नाहीत. ग्राफिक्स कार्डाचं काम दाखवण्याचं, डिस्कचं काम सांभाळण्याचं. दाखवणारा गप्प झाला म्हणून सांभाळणाऱ्याला शिक्षा करायची नसते.

आता, प्रत्येक वेळी मेनू दिसेलच असं नाही. मेनूही दिसला नाही तर शोध वेगळ्या दिशेनं घ्यायचा. पहिली गोष्ट, मॉनिटरची केबल कुठं लावली आहे? सीपीयूच्या मागं मदरबोर्डची जोडणी असते आणि नव्या कार्डाची वेगळी असते. कार्ड बसवल्यावर पुष्कळ यंत्रं मदरबोर्डच्या जोडणीतून चित्र देणं बंद करतात. केबल सवयीनं जुन्या जागी लावली की अंधार. दुसरी गोष्ट, मोठ्या कार्डांना वेगळी वीज लागते. ती वायर जोडली आहे ना? तिसरी, कार्ड खाचेत नीट बसलं आहे ना? डबा उघडण्यापूर्वी यंत्र बंद करून प्लग काढायला विसरू नये. चौथी, जुन्या मदरबोर्डवर सुरू होण्याच्या दोन रीती असतात, एक जुनी बायॉस आणि एक नवी यूईएफआय. काही नव्या कार्डांना नवी रीत लागते, आणि जुन्या रीतीसाठी बनवलेली पेनड्राइव्ह त्या रीतीत यादीतच येत नाही. काही बचाव पेनड्राइव्ह 'सिक्युअर बूट' चालू असताना सुरू होत नाहीत, सिस्टिमरेस्क्यू त्यांतलीच. तो पर्याय तेवढ्यापुरता बंद करावा लागतो.

आणि काहीच जमलं नाही तर सगळ्यात जुना उपाय: नवं कार्ड काढा, जुनं लावा. जुनं विकून टाकलं असेल तर मदरबोर्डच्या जोडणीतून चित्र येतं का पाहा. सगळ्या प्रोसेसरांत ती सोय नसते, पण पुष्कळांत असते. जुन्या कार्डावर पेनड्राइव्ह चालली, तर बिघाड कुठं आहे ते कळलंच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते कागदावर लिहायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर चालू झालं तरी कशानं झालं ते समजत नाही.

शेवटी काही कामाच्या गोष्टी. संगणकात कोणताही मोठा भाग बदललात, कार्ड असो, मदरबोर्ड असो, की त्याच दिवशी, सगळं ठीक चाललेलं असतानाच, बचाव पेनड्राइव्ह लावून एकदा यंत्र सुरू करून पाहा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. वर्षातून एकदा ती नव्यानं बनवा. संच फुकट आहे, खर्च फक्त इंटरनेटचा. बनवताना जुनी लगेच पुसू नका, दुसऱ्या पेनड्राइव्हवर नवी करा, कारण क्वचित नव्या गाभ्याचं जुन्या यंत्राशी जमत नाही. नवं कार्ड महिनाभर नीट चालेपर्यंत जुनं विकू नका. आणि 'नोमोडसेट' हा शब्द, दाबायच्या कळा, हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून ती पेनड्राइव्हला गुंडाळून ठेवा. संगणकात लिहून ठेवलेली सूचना संगणक बंद पडल्यावर वाचता येत नाही.

आणि पेनड्राइव्ह कितीही चांगली असली तरी ती दुसऱ्या प्रतीची जागा घेऊ शकत नाही. डिस्क खरोखरच मरते तेव्हा कुठलाही शब्द तिला जागं करत नाही. फूफीच्या ओव्यांच्या आज तीन प्रती आहेत, तीन वेगळ्या घरांत. तुमच्याही घरात कुणाचा आवाज, कुणाची पत्रं, कुणाचे फोटो एकाच यंत्रात असतील, तर या रविवारी त्यांची एक प्रत काढून नात्यातल्या कुणाकडं तरी ठेवायला द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)